कोंडीत काटा चढतो, मोकळ्या रस्त्यावर उतरतो: जुन्या गाडीचं तापणं शोधायचं कसं

मोकळ्या रस्त्यावर गाडी दोन-दोन तास पळवा, तापमानाचा काटा मधोमध ठाण मांडून बसलेला. पण पुढे रांग लागली, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगायची वेळ आली, की दहा-पंधरा मिनिटांत तोच काटा लाल पट्टीकडे सरकायला लागतो. रस्ता सुटला की आपसूक खाली. तुमच्या गाडीचं दुखणं असंच असेल तर पुढचं सगळं वाचा. गाडी चढावर किंवा भरधाव चालवतानाच तापत असेल, तर यातला निम्मा मजकूर तुमच्या कामाचा नाही. सहाव्या पायरीपासून सुरुवात करा.

माझ्या गाडीला हा त्रास सुरू झाला तेव्हा मी आधी थर्मोस्टॅट (पाणी तापलं की रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप) बदलून घेतला. फरक शून्य. मग वॉटर पंप. मग रेडिएटर उतरवून आतून साफ करून घेतला. गाडी तशीच तापायची. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा तो सगळा कारभार. प्रत्येक वेळी पंख्याचा विषय निघायचा आणि प्रत्येक वेळी एकच उत्तर यायचं, "पंखा फिरतोय की!" फिरत होता, खरंच. मीही डोळ्यांनी बघत होतो. दोष शेवटी निघाला पंख्याच्या वायरीवरच्या, अंगठ्याच्या नखाएवढ्या कनेक्टरमध्ये. त्याची हकीकत चौथ्या पायरीत येईल.

लक्षण काय सांगतंय ते आधी ऐका

इंजिनातली उष्णता पाणी उचलतं, ते पाणी रेडिएटरमध्ये येतं आणि तिथे हवा ती उष्णता घेऊन जाते. दोनच कामं: पाण्याने वाहायचं आणि हवेने वाहायचं. गाडी वेगात असते तेव्हा समोरून येणारी हवा फुकटात मिळते, पंख्याची गरजच पडत नाही. गाडी थांबली की हवा ओढून आणायचं सगळं ओझं पंख्यावर येतं. म्हणून फक्त कोंडीत तापणाऱ्या गाडीत पहिला संशय हवेवर घ्यायचा: पंखा, पंख्याभोवतीचं कवच, रेडिएटरची जाळी. फक्त वेगात किंवा चढावर तापणाऱ्या गाडीत संशय पाण्यावर: चोंदलेला रेडिएटर, अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅट, खालचा चिपकणारा पाइप. दोन्हीकडे तापत असेल तर पाणी कमी आहे किंवा हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं सील) गेलंय, हे आधी तपासा.

हा नियम शंभर टक्के लागू पडतो असं नाही. गाडी उभी असताना इंजिनाचे फेरे कमी असतात, त्यामुळे वॉटर पंपही हळू फिरतो. पंपाची पाती झिजलेली असतील किंवा पट्टा सैल असेल, तर तेही कोंडीतच उघडं पडतं. यासाठी एक सोपी चाचणी आहे. काटा चढायला लागला की न्यूट्रलमध्ये ठेवून एक-दीड मिनिट २,००० आरपीएमवर रेस धरा. इलेक्ट्रिक पंख्याच्या गाडीत तेवढ्याने काटा उतरायला लागला, तर पंप, पट्टा किंवा आयडलिंगला (गाडी उभी, रेस न देता इंजिन चालू) अल्टरनेटरकडून, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राकडून, कमी पडणारे व्होल्ट यांच्याकडे बघा. काटा ढिम्म राहिला किंवा आणखी चढला तर हवेचा संशय पक्का होतो.

हात घालण्याआधी

तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी लोक भाजतात, कारण "आता बराच वेळ झाला" असं वाटतं. बंद यंत्रणेत दाब असतो, त्या दाबामुळेच आतलं पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण फिरवलं, दाब सुटला, की ते त्या क्षणी उकळतं आणि तोंडावर येतं. वरचा जाड पाइप हाताने दाबून बघा. तो मऊ लागला आणि इंजिनावर हात ठेववला, तरच झाकणाला हात.

दुसरी गोष्ट कमी लोकांना माहीत असते. बऱ्याच गाड्यांत इलेक्ट्रिक पंखा किल्ली काढल्यावरही अचानक सुरू होतो. पंख्याच्या पात्यांजवळ काम करायचं असेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा. आणि जमिनीवर सांडलेलं कूलंट (रेडिएटरच्या पाण्यात मिसळायचं द्रव) लगेच पुसा. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं, चवीला गोड लागतं, त्यामुळे कुत्री-मांजरं ते चाटतात.

काय काय जवळ हवं

मल्टिमीटर हवाच. त्याशिवाय पंख्याचा तपास म्हणजे अंधारात चाचपडणं. सोबत लांबून तापमान मोजणारा इन्फ्रारेड थर्मामीटर, टॉर्च, जाड हातमोजे, फ्यूज लावलेली एक जोडवायर, एक कोरा कागद, आणि थर्मोस्टॅट तपासायची वेळ आलीच तर एक जुनं पातेलं व पाण्यात बुडवायचा थर्मामीटर. गाडीला डायग्नोस्टिक सॉकेट असेल तर एक साधा स्कॅनर मिळवा, त्यावर इंजिनाचं तापमान अंशांत दिसतं.

कागदपत्रांत मालकाची पुस्तिका, फ्यूज बॉक्सचा तक्ता, जमल्यास वायरिंगचा नकाशा, आणि गाडीच्या जुन्या कामांची बिलं. गाडी सेकंडहँड घेतली असेल तर ही बिलं फार कामाची. आधीच्या कुणी थर्मोस्टॅट काढून टाकलाय का, पंखा थेट किल्लीवर जोडलाय का, रेडिएटर दुसऱ्याच मॉडेलचा बसवलाय का, याचा माग तिथेच लागतो. आणि एक वही. गंमत म्हणून नाही सांगत. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय झालं ते लिहायचं. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने गुण आला ते कधीच कळत नाही.

१. काटा खरं बोलतोय का?

जुन्या गाडीतला काटा हा साक्षीदार तसा बेभरवशाचा. सेन्सरची वायर, डॅशबोर्डची अर्थ (गाडीच्या बॉडीला जोडलेली निगेटिव्ह वायर), मीटरला मिळणारे व्होल्ट, यातलं काहीही बिघडलं तरी काटा उगाच वर जातो. हेडलाइट लावल्या की काटा टुणकन वर आणि बंद केल्या की खाली, असं होत असेल तर दोष अर्थचा. पाणी एका क्षणात तापत नाही आणि एका क्षणात थंडही होत नाही.

काटा वर असताना गाडी बाजूला लावा, इंजिन सुरू ठेवा आणि थर्मोस्टॅटच्या घराजवळ इन्फ्रारेडने तापमान घ्या. चकचकीत ॲल्युमिनियमवर हा थर्मामीटर कमी आकडा दाखवतो, म्हणून तिथे आधीच काळ्या टेपचा एक तुकडा चिकटवून ठेवा आणि त्यावर नेम धरा. स्कॅनर असेल तर त्यावरचा आकडा जास्त विश्वासाचा. ९० ते १०० अंशांच्या आसपास आकडा असेल तर बहुतेक गाड्यांत काळजीचं कारण नाही, दुरुस्ती मीटरची करायची. ११० च्या पुढे जात असेल तर गाडी खरंच तापतेय.

याच्या उलटही घडतं, आणि ते जास्त घातक. पाणी खूप कमी झालं की सेन्सर कोरड्या वाफेत उघडा पडतो आणि काटा चक्क खाली येतो. चालक खूश, आणि इंजिन आत भाजून निघतंय. तापलेल्या गाडीचा काटा विनाकारण एकदम पडला तर ती सुटका समजू नका. गाडी थांबवा.

इंजिन बंद केल्यावर काही मिनिटं काटा थोडा वर जाणं मात्र स्वाभाविक आहे. पंप थांबलेला असतो आणि लोखंडातली उष्णता साचलेल्या पाण्यात उतरत असते.

२. थंड गाडीवर: पाणी, झाकण, पाइप

सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना बघा. प्लॅस्टिकच्या बाटलीतली पातळी बघून समाधान मानू नका. ज्या गाड्यांत रेडिएटरला स्वतःचं झाकण असतं, तिथे ते उघडून पाणी काठोकाठ आहे का ते पाहा. बाटली भरलेली आणि रेडिएटर अर्धा रिकामा, ही जोडी मी दोनदा पाहिली आहे. गरम झाल्यावर जास्तीचं पाणी बाटलीत जातं आणि थंड होताना परत ओढलं जातं. झाकणातली परतीची झडप अडकली किंवा बाटलीकडे जाणारी बारीक नळी तडकली, तर पाणी जातं पण परत येत नाही.

झाकणाकडे कुणी बघत नाही. त्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा छापलेला असतो, तो दाब बारमध्ये. साधं पाणी मोकळ्या हवेत १०० अंशांना उकळतं, १ बार जादा दाबाखाली साधारण १२० ला. म्हणजे झाकणाच्या रबरी कडेने दाब सोडला की तुमच्या हातातले वीस अंश गेले. रबर कडक, चिरलेलं किंवा चपटं झालं असेल तर सरळ बदला, पण आकडा तोच ठेवा. जास्त दाबाचं झाकण लावून जुने पाइप फोडून घेऊ नका.

कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं, हे मिश्रण बहुतेक गाड्यांना चालतं. "जास्त कूलंट म्हणजे जास्त थंड" हा समज चुकीचा. उष्णता वाहून नेण्यात साधं पाणी ग्लायकॉलपेक्षा सरस असतं, त्यामुळे पाणी न घालता नुसतं कूलंट ओतलेली गाडी उलट जास्त तापते. कूलंटच्या रंगावरही जाऊ नका. रंग कंपनी ठरवते, तो प्रकाराचा पुरावा होत नाही, आणि दोन वेगळ्या प्रकारांची भेसळ कधीकधी आत गाळ करून ठेवते.

पाइप दाबून बघा. टोकाजवळ फुगलेला, पिचपिचीत किंवा कडकड वाजणारा पाइप बदला.

३. पंखा लागतो का, आणि कधी?

इथे सावकाश जा. कोंडीत तापणाऱ्या गाडीचं उत्तर बहुतेक वेळा या आणि पुढच्या पायरीत असतं.

गाडी सावलीत उभी करा, एसी बंद, बोनेट उघडं, इंजिन आयडलिंगवर. तापमान हळूहळू चढू द्या आणि बघत बसा. इलेक्ट्रिक पंखा मॉडेलनुसार साधारण ९२ ते १०० अंशांच्या दरम्यान सुरू व्हायला हवा आणि काही अंश उतरल्यावर बंद. किती अंशांना लागला, किती वेळ चालला, किती अंशांना थांबला, वहीत लिहा. १०५ च्या पुढे गेलं तरी पंखा गप्प असेल तर इंजिन बंद करा.

आता एसी लावून बघा. बहुतेक गाड्यांत एसी लावला की पंखा लगेच सुरू होतो. एसीवर लागतो आणि तापमानावर लागत नाही, म्हणजे मोटर ठीक आहे. दोष पंख्याला हुकूम देणाऱ्या बाजूला, म्हणजे सेन्सर, थर्मोस्विच (ठरावीक तापमानाला आपोआप चालू होणारा स्विच) किंवा त्यांच्या वायरीत.

कशावरच लागत नसेल तर फ्यूज, मग रिले (पंख्याचा मोठा करंट चालू-बंद करणारा विजेचा स्विच). त्याच क्रमांकाचा दुसरा रिले, उदाहरणार्थ हॉर्नचा, काढून तिथे लावून बघता येतो. रिले 'टक्' वाजला म्हणजे चांगला, असं मानू नका. आतले कॉन्टॅक्ट जळलेले असले तरी तो वाजतो. त्यानंतर पंख्याचा कनेक्टर काढून फ्यूज लावलेल्या वायरीने मोटरला थेट बॅटरी द्या. जोरात फिरला तर दोष मोटरच्या मागे, वायरिंगमध्ये. कण्हत फिरला किंवा ढकलल्यावरच सुटला तर मोटरचे ब्रश झिजलेत.

एक सापळा इथे आहे. जुन्या गाड्यांत रेडिएटरवर दोन वायरींचा थर्मोस्विच असतो. किल्ली चालू ठेवून त्याच्या दोन वायरी एकमेकींना जोडल्या की पंखा फिरायला हवा, आणि फिरला तर स्विच गेलेला. हीच युक्ती त्यानंतरच्या, कॉम्प्युटर असलेल्या गाडीच्या तापमान सेन्सरवर करू नका. तो स्विच नसतो. तिथे उलट सेन्सरचा कनेक्टर काढून बघतात. अनेक गाड्यांत सेन्सर हरवला असं कळताच कॉम्प्युटर सुरक्षिततेसाठी पंखा आपणहून सुरू करतो.

दोन वेगांच्या पंख्यात आणखी एक गंमत असते. हळू वेगासाठी एक रेझिस्टर असतो, तो जळला की पंखा सुरुवातीला लागतच नाही, आणि तापमान खूप चढल्यावर थेट मोठ्या वेगाने घोंघावत सुटतो. पंखा उशिरा आणि एकदम जोरात लागत असेल तर पहिल्यांदा रेझिस्टर बघा.

४. फिरतोय, पण ओढतोय का?

माझी गाडी अडकली होती ती याच पायरीवर. पंखा वेळेवर लागायचा, फिरायचा, थांबायचा. गॅरेजमध्ये बोनेट उघडून बघणाऱ्या प्रत्येकाने त्याला पास केलं. कमी पडत होता तो वेगात.

कागदाची चाचणी करा. पंखा चालू असताना समोरच्या जाळीवर कोरा कागद सोडा. पंखा रेडिएटरच्या मागे असेल तर कागद ओढला जाऊन जाळीला चिकटून राहायला हवा. माझा कागद क्षणभर टेकला आणि घसरून खाली पडला. ज्या कुणाचा कागद उडून बाहेरच येतो, त्यांनी कुणी मोटरच्या वायरी उलट्या जोडल्यात का ते बघावं. उलटा फिरणारा पंखासुद्धा दिसायला छान फिरतो, पण गरम हवा परत पुढे फेकतो.

मग मल्टिमीटर. इंजिन चालू, पंखा चालू. आधी बॅटरीच्या दोन टोकांवर: माझ्याकडे १३.९ व्होल्ट. मग पंख्याच्या कनेक्टरला मागच्या बाजूने सुया लावून, पंखा फिरत असतानाच: १०.६. मधले ३.३ व्होल्ट कुठेतरी गळत होते. कनेक्टर काढून मोजले असते तर पूर्ण १३.९ दिसले असते, कारण करंट वाहत नसताना खराब जोडही चांगला भासतो. आधीच्या तपासात नेमकी हीच चूक झाली होती.

गळती कोणत्या बाजूला आहे तेही मीटरच सांगतो. एक सुई बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरी पंख्याच्या पॉझिटिव्हला: २.९. मग निगेटिव्ह ते निगेटिव्ह: ०.४. अर्थ थोडी खराब, पण खरा चोर पॉझिटिव्ह बाजूला. वायर हाताने चाचपत मागे गेलो तर रेडिएटरच्या कवचामागे एक पांढरा कनेक्टर होता. म्हणजे एके काळी पांढरा. एका खाचेभोवती तो चहासारखा तपकिरी झाला होता, प्लॅस्टिक वितळून लोंबलं होतं, आणि बोट लावलं तर चटका बसला. आतली पितळी पिन काळी पडून सैल झालेली. नवी पिन, नवा कनेक्टर, अर्थची जागा घासून साफ. पुन्हा मोजलं: १३.४. कागद जाळीवर असा बसला की काढायला ओढावा लागला.

बॅटरी आणि पंखा यांच्यात अर्ध्या व्होल्टच्या आसपास फरक चालतो. एक व्होल्टच्या वर गेला की शोधायला लागा.

याच पायरीत पंख्याभोवतीचं कवचही तपासा. ते असतं म्हणून पंखा रेडिएटरच्या पूर्ण जाळीतून हवा ओढतो. कवच तुटलं किंवा काढून ठेवलं तर पंखा फक्त आपल्यासमोरच्या गोलातून ओढतो. रेडिएटरच्या कडेच्या फोमच्या पट्ट्या आणि बंपरखालचा प्लॅस्टिकचा पत्रा याच कारणासाठी असतात. ते गेले की उभ्या गाडीत इंजिनाकडची गरम हवा खालून वळसा घालून परत पुढे येते आणि पंखा तीच पुन्हा ओढतो. "हे उगाच बसवलंय" म्हणून काढून टाकलेले हे तुकडे परत मिळवा.

५. पट्ट्यावर चालणारा पंखा असेल तर

इंजिन लांबीच्या दिशेने बसवलेल्या अनेक जुन्या गाड्यांत पंखा वॉटर पंपाच्या टोकावर असतो आणि मध्ये व्हिस्कस क्लच. त्यात सिलिकॉनचं दाट द्रव असतं. पुढच्या स्प्रिंगला गरम हवा लागली की द्रव आत सुटतं आणि पंख्याला पकड मिळते. इंजिन गरम करून बंद करा, किल्ली खिशात घाला, आणि पंखा हाताने फिरवा. जड लागायला हवा. भिंगरीसारखे दोन-तीन फेरे घेत असेल तर क्लच गेला. क्लचच्या मधोमध तेलकट, धूळ धरलेले ओघळ दिसले तर द्रव गळून गेलंय. पट्ट्याचा ताणही इथेच बघून घ्या.

६. रेडिएटर: बाहेरून आणि आतून

एसीच्या गाडीत पुढे कंडेन्सर (एसीची जाळी) आणि मागे रेडिएटर असतो, मध्ये बोटभर फट. समोरून कंडेन्सर लखलखीत दिसतो आणि त्या फटीत कित्येक वर्षांचा पाला, किडे, धूळ यांची गोधडी साचलेली असते. वरची पट्टी सोडवून टॉर्च मारा. धुताना पाणी इंजिनाकडून बाहेरच्या दिशेने आणि हलक्या धारेने. प्रेशर वॉशर जवळ धरला तर पातळ पात्या आडव्या होतात आणि स्वच्छ पण बंद रेडिएटर तयार होतो. खालच्या भागातल्या पात्या बोट लावताच भुग्यासारख्या गळत असतील तर धुण्यात अर्थ नाही, रेडिएटर बदलायचा.

आतल्या चोंदण्यासाठी इन्फ्रारेड वापरा. गाडी पूर्ण गरम झाल्यावर, एसी न लावता, रेडिएटरच्या पृष्ठभागावर ओळीने आकडे घ्या. पाणी शिरतं त्या टोकाकडून निघतं त्या टोकाकडे तापमान हळूहळू उतरत जायला हवं. मध्येच थंडगार पट्टा लागला तर तिथल्या नळ्यांतून पाणी जात नाही. गळती बंद करणारी पावडर कधी टाकली असेल तर हा पट्टा सापडण्याची शक्यता मोठी. ती पावडर गळती बुजवते आणि जाताजाता नळ्याही बुजवते.

वरच्या आणि खालच्या पाइपाचं तापमानही लिहा. दोन्ही जवळपास सारखे गरम, म्हणजे पाणी फिरतंय पण हवा उष्णता नेत नाही: मागच्या पायऱ्यांत परत जा. वरचा तापलेला आणि खालचा गार, म्हणजे पाणी अडतंय: पुढे चला.

७. थर्मोस्टॅट आणि पंप

थर्मोस्टॅटवर ८२, ८८ असा आकडा कोरलेला असतो. पातेल्यात दोऱ्याने टांगा, बुडाला टेकू देऊ नका, आणि पाणी तापवा. त्या आकड्याच्या आसपास उघडायला लागून पुढच्या दहा-पंधरा अंशांत पूर्ण उघडायला हवा. परत बसवताना बारीक हलती पिन असेल तर ती वरच्या बाजूला.

"काढूनच टाका, गाडी थंड राहील" हा सल्ला ऐकू नका. अनेक इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बाजूची पळवाट बंद करतो. तो काढला की ती पळवाट कायमची उघडी, आणि बरंचसं गरम पाणी रेडिएटरला न शिवता इंजिनातच फिरत राहतं.

पंपाखाली एक छोटं छिद्र असतं. तिथून थेंब किंवा कूलंटचा सुकलेला डाग दिसला तर आतलं सील गेलंय. पाती झिजल्याचं मात्र पंप काढल्याशिवाय खात्रीने दिसत नाही. म्हणून ही शंका शेवटाकडे ठेवायची. खालचा पाइप रेस दिल्यावर आत चिपकतो का तेही बघा. चिपकत असेल तर पाइप तरी मऊ पडलाय किंवा रेडिएटर चोंदलाय.

८. हवा अडकलीये का?

नुकतंच पाण्याचं काम झालंय आणि त्यानंतर त्रास सुरू झालाय, तर आत हवेचा बुडबुडा अडकला असण्याची शक्यता धरा. हीटर सर्वांत गरमवर ठेवूनही थंड हवा येते, डॅशबोर्डमागून खळखळ ऐकू येते, ही त्याची खूण. गाडीचं तोंड थोड्या चढावर करा, थंड असताना झाकण उघडा, हीटर पूर्ण गरमवर, इंजिन आयडलिंगवर. ब्लीड स्क्रू (हवा सोडायचा स्क्रू) असेल तर त्यातून बुडबुडे थांबेपर्यंत सोडा आणि पातळी भरत राहा. पाणी वर उसळायला लागलं की झाकण बंद.

९. हेड गॅस्केट

इथवर काही सापडलं नाही, किंवा पाणी कुठेच न गळता कमी होतंय, तर हा तपास टाळू नका. थंड गाडी सुरू केल्यावर दोन-तीन मिनिटांत, पाणी तापायच्या आधीच, वरचा पाइप दगडासारखा कडक होतो का? रेडिएटरच्या तोंडाशी सतत बारीक बुडबुडे येतात का? ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चिकटा आहे का? शेवटच्या खुणेवरून एकट्याने निकाल देऊ नका, गाडी फक्त जवळच्या फेऱ्यांना वापरली तरी दमटपणाने तसा थर येतो. खात्रीसाठी गॅरेजमध्ये रसायनाची चाचणी करून घ्या: रेडिएटरच्या तोंडावरची हवा निळ्या द्रवातून ओढतात, त्यात सिलिंडरचा धूर मिसळला असेल तर पेट्रोल गाडीत द्रव पिवळं पडतं.

कार्ब्युरेटरच्या गाडीत इग्निशन टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) मागे पडलं तरी आयडलिंगला इंजिन जास्त तापतं. हे काम टायमिंग लाइट असलेल्याकडे न्या, कानाने करू देऊ नका.

तपास पूर्ण होईपर्यंत, रस्त्यात तापलीच तर

काटा चढताना दिसला की एसी बंद, हीटर आणि त्याचा ब्लोअर पूर्ण. घाम फुटेल, पण हीटर हा गाडीतला दुसरा छोटा रेडिएटरच आहे. पुढच्या गाडीपासून थोडं अंतर ठेवा, तिची गरम हवा तुमच्या जाळीत येते. काटा लाल पट्टीला टेकला किंवा वाफ दिसली तर बाजूला घेऊन इंजिन बंद करा. तापलेल्या इंजिनावर किंवा आत थंड पाणी ओतू नका, हेड वाकडं होतं किंवा तडकतं. अर्धा-पाऊण तास थांबा. तेवढा वेळ नसतो हे मला माहीत आहे. तरी थांबा.

दुरुस्ती झाली हे कसं कळेल

एसी लावून गाडी अर्धा तास जागेवर चालू ठेवा, नंतर एसी बंद करून आणखी वीस मिनिटं. स्कॅनर किंवा थर्मामीटरवर दर पाच मिनिटांनी आकडा लिहा. एसी बंद असताना पंखा लागतो, तापमान उतरतं, पंखा थांबतो, पुन्हा चढतं, हे चक्र किमान तीनदा त्याच आकड्यांमध्ये फिरायला हवं. प्रत्येक फेरीत आकडा एक-दोन अंशांनी वर सरकत असेल तर दोष अजून शिल्लक आहे.

माझ्या वहीत त्या दिवशी ९७ ला लागला, ९१ ला थांबला, असं चार वेळा लिहिलंय. आणि बाजूला एक ओळ: पंखा लागताना बोनेट किंचित थरथरतं. जुन्या कनेक्टरवर असताना ते कधीच थरथरलं नव्हतं.